याकोबने न बसवलेली चेन

राहुरी

या पुस्तकातले बाकीचे प्रवास लांबचे आहेत. हा एकच जिल्ह्यातल्या जिल्ह्यातला, राहुरीहून जामखेडपर्यंतचा. एसटीने गेलो असतो तर सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचलो असतो. आम्हाला पोचायलाच दोन दिवस लागले. ते का लागले आणि मुळात जावे का लागले, हे सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे.

माझ्या काही जुन्या विद्यार्थ्यांनी माझी प्रवासवर्णने एकत्र छापायचे ठरवले. वेगवेगळ्या दिवाळी अंकांत विखुरलेले लेख त्यांनीच जमवले, टाइपही केले. त्यांचा सर्वांत लाडका लेख भंडारदऱ्याचा. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी मी आणि माझी बायको सुमन मोटरसायकलवरून भंडारदऱ्याला निघालो होतो. राजूरच्या पुढच्या चढावर गाडीची चेन तुटली, चाक अडकले, आम्ही दोघे पडलो आणि सुमनचा डावा हात मनगटात मोडला. लेखात मी ते सगळे विनोदी अंगाने लिहिले होते. राहुरीच्या याकोब मिस्त्रीने 'अस्सल' म्हणून बसवलेली चेन, ती बसवताना त्याने मारलेल्या बाता आणि त्या चेनीचे राजूरपर्यंतचे आयुष्य. लोक पोट धरून हसले. त्यानंतर गावात काही तुटले, मग ती चप्पल असो की कुणाचे ठरलेले लग्न, की लोक म्हणायचे, "याकोबची चेन दिसतेय." विद्यार्थ्यांना पुस्तकाला तेच नाव द्यायचे होते.

ती चेन याकोबने बसवली नव्हती. मी बसवली होती.

ज्यांनी गाडी फक्त चालवली आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. चेन दोन दातेरी चक्रांवर फिरते. एक लहान, पुढे इंजिनाजवळ. दुसरे मोठे, मागच्या चाकाला. त्यांचे खरे नाव स्प्रॉकेट, पण आमच्याकडे गॅरेजमध्ये सगळे सॉकेट म्हणतात. चेन झिजते तसे हे दातही झिजतात आणि एका बाजूला आकड्यासारखे वाकतात. म्हणून तिन्ही वस्तू एकदम बदलायच्या असतात. मी त्या वेळी नगरहून फक्त चेन आणली होती. याकोबने दात पाहिले आणि जुन्या दातांवर नवी चेन घालायला साफ नकार दिला. चार दिवस थांबा, सॉकेट मागवतो, म्हणाला. माझी दिवाळीची सुट्टी संपत आली होती. मी चेन उचलून घरी आणली आणि अंगणात स्वतः चढवली. सुमन शेजारी बॅटरी धरून उभी होती.

लेख छापून आला तेव्हा तिने तो वाचला आणि एवढेच म्हणाली, "असं नव्हतं झालं." मी म्हणालो, वाचकांना काय करायचंय. नवऱ्याच्या घाईने बायकोचा हात मोडला, यात हसण्यासारखे काही नव्हते. मिस्त्रीच्या बाता हसण्यासारख्या होत्या, आणि त्याही मीच रचलेल्या. त्यानंतर तिने माझा एकही लेख वाचला नाही. अपघातानंतर गाडीचे मागचे वाकलेले सॉकेट बदलले तेव्हा जुने तिने मागून घेतले, राखेने घासले आणि स्वयंपाकघरात ठेवले. तेव्हापासून आमच्या घरात गरम कढई त्याच्यावर उतरते. मी रोज जेवायला बसतो तो त्याच्या समोर.

याकोब पुढच्याच वर्षी गॅरेज बंद करून जामखेडला, सासुरवाडीच्या गावी निघून गेला. का गेला हे मी कुणाला विचारले नाही.

पुस्तकाच्या नावाचे ठरले त्या संध्याकाळी मी सुमनला म्हणालो, जामखेडला जाऊन येऊ. ती मेथी निवडत होती. कशाला, असे तिने विचारले नाही. म्हणाली, "गाडीवर जाऊ. पण आधी चेन बदला. सगळी."

तीच गाडी अजून आमच्याकडे आहे. दोन वेळा इंजिन उघडले, टाकीचा रंग बदलला, पण गाडी तीच. हल्ली मी तिच्यावर बाजारापुरता जातो. कॅनॉलच्या पुलावर चढताना चेन दातांवरून कटकन उडायची, त्याकडे मी काणाडोळा करत होतो. पुण्याच्या मुलाला आम्ही फोनवर सांगितले की एसटीने चाललोय. खिडकीची जागा पकडा, म्हणाला.

नगर

जानेवारीतली सकाळ होती. राहुरी सोडताना दोन्ही बाजूंना ऊस आणि पाटाच्या पाण्याचा वास. पूर्वी सुमन एका बाजूला पाय सोडून बसायची. आता गुडघ्यांमुळे आणि सुनेने दिलेल्या पंजाबी ड्रेसमुळे दोन्हीकडे पाय टाकून बसते. विळद घाटाच्या चढावर मी पहिला गिअर टाकला तरी चेनीने दोनदा उडी मारली. मागून आवाज आला, "उतरू का? मला सवय आहे."

रस्त्यावरच्या पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिले आहे. माझ्या तोंडात नगरच बसले आहे, ते या वयात हलणार नाही. जुन्या गाड्यांचे सामान कुठे मिळेल, हे विचारत विचारत आम्ही एका चिंचोळ्या दुकानात पोचलो. गल्ल्यावर साठीच्या एक बाई होत्या. नवऱ्यामागे दुकान त्याच पाहत होत्या. त्यांनी गाडीकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले.

"काका, गाडी जास्त जुनी का तुमी?"

"बरोबरीचेच आहोत," मी म्हणालो.

त्यांनी गाडीजवळ येऊन मागच्या सॉकेटवरची चेन दोन बोटांनी मागे ओढली. ती अख्खा दात उघडा पडेल इतकी सुटली. "गेलं," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन पोटमाळ्यावर चढल्या. तेलकट कागदात गुंडाळलेली दोन मोठी सॉकेट त्यांनी खाली आणली. ही गाडी कारखान्यातून निघायची बंद होऊन किती काळ झाला, पण त्यांच्या नवऱ्याला जुना माल टाकवत नसे. एक माझ्या जुन्याइतक्याच दातांचे होते, दुसरे थोडे मोठे, जास्त दातांचे. ते दूधवाल्यांसाठी. कॅन लादून बांधावरून जायचे तर मागचे चक्र मोठे लागते. वेग मरतो, पण गाडी चढाला रडत नाही.

"वढ पायजे का पळ?" बाईंनी विचारले.

मी विचार करत होतो. मागून सुमन म्हणाली, "पोचलं पाहिजे."

बाई हसल्या. मोठे सॉकेट मी हातात घेतले. चाळीस वर्षांपूर्वी असते तर मी दुसरे उचलले असते. त्या वयात कुठे जाऊन आलो यापेक्षा किती वेळात जाऊन आलो, हे सांगण्यात मजा असे. आता मागे बसणाऱ्या बाईचे गुडघे आणि माझी नजर धरून चालायचे होते. मोठेच घेतले.

मग चेन. त्यांनी दोन दाखवल्या. मी एकेक आडवी धरून पाहिली. चेन बाजूवर आडवी धरली की चांगली असेल तर बऱ्यापैकी सरळ राहते. हलकी किंवा झिजलेली असेल तर धनुष्यासारखी खाली वाकते. हे मी याकोबच्या गॅरेजमध्ये बाकावर बसून, चहा पीत पाहिलेले. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी तिथे जायचो. तो चेन रॉकेलात बुडवून घासायचा आणि मी त्याला कुठे कुठे जायचे आहे ते सांगायचो. गोकर्ण, हंपी, रामेश्वर. तो म्हणायचा, "तुमी जावा गुरुजी, आन् आल्यावर सांगा. आमी हितनंच बगू." माझ्या प्रत्येक प्रवासाचा पहिला श्रोता तोच होता. भंडारदऱ्याहून आल्यावर मात्र मी त्याला काही सांगितले नाही. थेट लिहिले.

जाड चेन सरळ राहिली. ती घेतली. मोठ्या सॉकेटमुळे दोन कड्या जास्त लागणार होत्या, त्या बाईंनी मोजून जोडायला काढल्या. राहिले पुढचे लहान सॉकेट. ते काही सापडेना. दुकान उलथेपालथे झाले. शेवटी बाईंनी पुण्याला कुणाला तरी फोन लावला आणि म्हणाल्या की उद्या दुपारच्या गाडीने येईल. मग माझा चेहरा पाहून त्यांनीच सुचवले, "नायतर पुढचं जुनंच राहू द्या ना काका. त्येचे दात अजून हायेत थोडे. दोन तर नवीन बसतेत."

सुमन रस्त्याकडे पाहत उभी होती. तिने उजव्या हाताने डावे मनगट धरले होते. थंडीत ती ते असेच धरते. ते हाड थोडे वाकडेच जुळले आहे.

"उद्या येतो," मी म्हणालो. "आम्हाला घाई नाही."

तिने वळून पाहिले नाही. पण थोड्या वेळाने म्हणाली की मग आता कापडबाजारात जाऊ, तिला झंपरचे कापड पाहायचे आहे.

त्या मुक्कामाबद्दल मी वैतागायला हवे होते, पण तसे झाले नाही. लॉजवर पाणी गरम नव्हते आणि उशीला केसांच्या तेलाचा वास होता. संध्याकाळी आम्ही बाजारात हिंडलो. लग्नानंतर पहिल्यांदा नगरला आलो तेव्हा एका दुकानात सुमनने भेळ मागितली होती आणि तिखटाने तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. ते दुकान आता मोबाईलचे झाले आहे. त्याच्यासमोर गाड्यावर आम्ही भेळ घेतली. तिने आधी माझ्याकडची चाखून पाहिली, मग म्हणाली, हल्ली तिखट कमी झालंय की आपली जीभच मेली, कुणास ठाऊक.

जामखेडचा रस्ता

दुसऱ्या दिवशी दुपारी सॉकेट आले. दुकानाबाहेरच्या फिटरने तिन्ही वस्तू बसवल्या. बाईंनी निघताना बजावले की नवी चेन पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरमध्ये सैल पडते, तेव्हा एकदा ताणून घ्या, विसरू नका.

गाडी जी चालली, ती मला ओळखू येईना. खाली सुरसुर एवढाच आवाज. चिचोंडी पाटील सोडले तसा ऊस संपला. ज्वारीची शेते आली, तूर आली, मग बाभळी आणि मोकळे माळ. राहुरीच्या माणसाला या बाजूला आले की डोळे जरा मोठे झाल्यासारखे वाटतात. आमच्याकडे चार पावलांवर पाट आणि उसाची भिंत. इथे लांबवर एक माणूस शेळ्या घेऊन चाललेला दिसतो आणि बराच वेळ दिसतच राहतो. कडा गावाच्या पुढे शेताकडेला हुरडा भाजत होते. आम्ही थांबलो. भाजणाऱ्या म्हाताऱ्याने विचारले, कुठले पाव्हणे? राहुरीचे म्हटल्यावर म्हणाला, "म्हंजी पाण्याचे लोक." तळहातावर चोळून दिलेला गरम हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही उभ्यानेच खाल्ली. आमच्याकडे जवसाची करतात. सुमनचे आणि त्याच्या बायकोचे त्यावर बरेच बोलणे झाले.

आष्टीच्या अलीकडे प्लगमध्ये काळे बसून गाडी बंद पडली. मी प्लग काढून घासू लागलो तर सुमनने मागची पिशवी माझ्यापासून दूर सरकवली. ती पिशवी राहुरीपासून तिने मला उचलू दिली नव्हती. जड होती. मला वाटले लोणच्याची बरणी असेल.

त्या रिकाम्या रस्त्यावर मी तिला विचारले की तिला काय वाटते, तो काय म्हणेल.

"मला काय माहीत," ती म्हणाली. "मी त्याला चाळीस वर्षं पाहिलेलं नाही. तुम्हाला मात्र रोज पाहते."

जामखेड

याकोबचे घर गावाच्या कडेला आहे. घराला लागून पत्र्याची शेड, त्यात एक उघडी मोटरसायकल. दार त्याच्या मुलीने, रूथने उघडले. ती सहावीत माझ्या वर्गात होती. आता केस पांढरे झाले आहेत. तिने मला लगेच ओळखले. या, एवढेच म्हणाली आणि आत वळून सांगितले, "बाबा, राहुरीचे सर आलेत."

याकोब खाटेवर बसला होता. पूर्वी मी त्याला अरे-तुरे करायचो. आता तोंडातून आपोआप 'तुम्ही' आले. त्याने ते ऐकले असावे, कारण त्याची भुवई जरा वर गेली. सुमनला त्याने बाई म्हणून हात जोडले आणि विचारले, मनगट कसं हाय? तिने हात पुढे करून दाखवला.

मी रस्ताभर वाक्ये जुळवत आलो होतो. दोनच म्हणालो असेन, की तो लेख खोटा होता आणि चेन मी बसवली होती. तेवढ्यात सुमनने पिशवी उघडली आणि आतून कढईखालचे सॉकेट काढून खाटेवर ठेवले. मला माहीतच नव्हते. याकोबने ते उचलले आणि अंगठा एकेका वाकड्या दातावरून फिरवत पुरा फेरा केला.

"ह्येच," तो म्हणाला. "म्या तुमाला म्हणलो हुतो, गुरुजी."

"हो. म्हणाला होतात."

रूथ दारात उभी होती. ती म्हणाली, "'याकोबची चेन आणि पुढाऱ्याचं वचन, दोन्ही पहिल्या चढालाच तुटतात.' मला तुमचा तो लेख सगळा पाठ आहे, सर. पोरं म्हणायची, पाठ झाला." मग म्हणाली, "एकदा तुमच्या तासाला माझ्या दप्तराचा बंद तुटला. अख्खा वर्ग ओरडला. तुम्ही फळ्याकडे तोंड करून नकाशा काढत होतात."

मला आठवत होते. भारताचा नकाशा होता. खडू कच्छपाशी थांबला होता आणि मग मी पुढे काढत राहिलो होतो. आठवतंय, एवढे मी तिला सांगितले. ती आत गेली.

मी याकोबला म्हणालो की माझी चूक झाली, आणि ते सांगायलाच आलो आहे. त्याने सॉकेट मांडीवर ठेवले.

"मला सांगून काय हुनार, गुरुजी? चेन कुनी बसवली ते मला पयल्यापासून ठावं हाय. ज्यांनी वाचलं त्यांना सांगा की."

मग त्याने सांगितले, राग धरून बसायला आता वयही राहिले नाही. इकडे काम बरे चालले, दूधवाल्यांच्या गाड्या कधी संपल्या नाहीत. पण राहुरी त्याचे गाव होते. बापाची कबर तिथे आहे. नाताळला जायचा तर चर्चच्या दारातसुद्धा कुणीतरी प्रेमाने म्हणायचे, काय याकोबा, चेन काय म्हणती? मग जाणे सुटले. हे सगळे तो शेतातल्या पिकाबद्दल सांगावे तसे सांगत होता.

रात्रीच्या जेवणाला रूथने हुलग्याचे शेंगोळे केले होते. लसूण सणसणीत होता. सुमनने दुसऱ्यांदा मागून घेतले, तेव्हा रूथच्या तोंडावर पहिल्यांदा थोडे हसू आले. कण्या टाकल्या का दाटपणाला, असे विचारून सुमन तिच्याबरोबर चुलीपाशी जाऊन बसली आणि आतून दोघींचे बोलणे ऐकू येत राहिले. कुठे कुठे जाऊन आलात, असे याकोबने मला विचारले. गोकर्ण झाले, हंपी झाले, रामेश्वर राहिले, मी म्हणालो. तो म्हणाला, बरं हाय. शनिवारी बाकावर बसल्यासारखे वाटले. पण शनिवारी तो पुढे विचारायचा, आता विचारले नाही.

अंधार झाला म्हणून रूथने आम्हाला मुक्कामाला ठेवून घेतले. सकाळी निघताना तो अंगणापर्यंत आला. गाडीकडे त्याने बराच वेळ पाहिले. मागचे मोठे सॉकेट पाहून म्हणाला, दूधवाल्याचं घातलं व्हय, हे चांगलं केलं. चेन सैल पडली होती. काठीने टोचली तर वरखाली हलत होती. त्याच्या शेडमध्ये नट आवळायचे पाने टांगलेले होते. मी म्हणालो, मिस्त्री, जरा ताणून द्याल का?

"न्हाई," तो म्हणाला. "तुमच्या गाडीला मी हात लावनार न्हाई. आधी छापून आना. मंग बगू."

रागाने म्हणाला नाही. हात मात्र मागे बांधले होते. वाकडे सॉकेट त्याने परत दिले नाही. हे राहू द्या, म्हणाला, आणि सुमन म्हणाली, तुमचंच आहे.

परत राहुरी

येताना मी हळू आलो. चेन पत्र्याला लागून खडखड करत होती आणि दोन ठिकाणी लोकांनी हात करून सांगितले की आजोबा, चेन बघा. विळदच्या उतारावर सुमन मागून म्हणाली की शेंगोळ्यात रूथ हिंग घालते, आपण घालत नाही. घरी आल्यावर संध्याकाळी तिने कढई उतरवली आणि तशीच हातात धरून क्षणभर ओट्याकडे पाहत राहिली. आता ती दुमडलेल्या पोत्यावर ठेवते.

भंडारदऱ्याचा लेख मी पुस्तकातून काढायला सांगितला आणि त्या जागी हा दिला. विद्यार्थी नाराज झाले. एकजण म्हणाला, सर, तो किती छान जमला होता. जमला होता, हे खरे आहे. ज्यांनी तो तेव्हा वाचला, हसले आणि गावभर सांगितला, त्यांच्यापैकी जे आहेत त्यांनी हाही वाचावा आणि तेवढ्याच लोकांना सांगावा, अशी माझी विनंती आहे. आम्हा दोघांना भंडारदऱ्याच्या वाटेवर पाडणारी चेन मी, जुन्या दातांवर, याकोब मिस्त्रीने नको म्हटलेले असताना, माझ्या हाताने चढवली होती.

हा मजकूर सुमनला वाचायला दिला. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाली की हुरडा कड्याच्या पुढे नव्हे, अलीकडे खाल्ला. मला तो पुढेच आठवतो, पण तिचे बरोबर असेल.

गाडी अंगणात स्टँडवर उभी आहे. सैल चेनीवर तिला पुन्हा जामखेडपर्यंत नेणे बरे नाही, म्हणून पुस्तक आले की टेम्पोत घालून न्यायची, असे सुमनने ठरवले आहे. शेजारचे विचारतात, गुरुजी, चेन ताणायला कितीसा वेळ लागतो? पाना घरात आहे. दोन नट सैल करायचे, चाक जरा मागे ओढायचे, नट परत आवळायचे. मला येते ते. पण मी हात लावलेला नाही.